रविवारी रांधलेले, बुधवारपर्यंत

पुण्यात आई आणि वडील दोघेही नोकरी करतात अशी घरे आता पुष्कळ आहेत. हिंजवडीहून किंवा हडपसरहून घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेसात-आठ वाजतात. शाळा आणि शिकवणी संपवून आलेल्या मुलांना त्याच्या कितीतरी आधी भूक लागलेली असते आणि ती बहुधा वडापाववर किंवा बिस्किटांच्या पुड्यावर भागवली जाते. यावर काही घरांनी एक तोड काढली आहे. रविवारी संध्याकाळी एकदाच धान्य, चिकन आणि उसळ शिजवून ठेवायची आणि पुढे रोज त्यातला एकेक वाटा गरम करून वाडग्यात वाढून घ्यायचा. वरून कोशिंबीर व लिंबू. झाले जेवण!

हॉटेलात असा वाडगा परदेशी नावाने आणि बऱ्यापैकी किमतीला मिळतो. पण ज्वारीच्या कण्या शिजवून, वाडग्यात घालून, त्यावर ताक किंवा आमटी ओतून खाणे आपल्या पणजीलाही ठाऊक होते. नवीन आहे ती एकच गोष्ट : आज शिजवलेले तीन दिवसांनी खाणे. पणजीच्या घरी सकाळचे संध्याकाळी आणि फार तर रात्रीचे सकाळी खाल्ले जाई. म्हणून या वाडग्यासंबंधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यात काय किती घालावे? आणि ते किती दिवस टिकते? पहिल्यावर सगळे बोलतात. दुसऱ्यावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून येथे त्याला जास्त जागा दिली आहे.

सरपण आणि तुळई

हल्ली ‘प्रथिने वाढवा, धान्य कमी करा’ असा सल्ला जिकडेतिकडे ऐकू येतो. वाढत्या वयाच्या मुलांनी तो जसाच्या तसा घेण्यापूर्वी पुण्याशी संबंध असलेली एक जुनी हकिकत वाचावी.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने एक अहवाल प्रसिद्ध केला. जगावर प्रथिनांच्या टंचाईचे संकट येऊ घातले आहे, असा त्याचा सूर होता. या विचाराला आकडेवारीच्या आधारे ज्यांनी विरोध केला त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे एक प्रमुख होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ पासून सुमारे वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले. भारतातील आहारपाहण्यांचे आकडे तपासून त्यांनी दाखवले, की ज्यांच्या आहारात प्रथिने अपुरी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच अपुरे मिळत असते. धान्य पोटभर मिळाले, तर प्रथिनांची तूटही बहुतांशी भरून निघते. सुखात्म्यांच्या नंतरच्या काही मतांवर मोठे वाद झाले. हा मुद्दा मात्र टिकला. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनल्ड मॅक्लॅरन यांनी त्या काळच्या प्रथिनमोहिमेवर कडक टीका केली आणि पुढे त्या मोहिमेचा जोर ओसरला.

यामागचे कारण सोपे आहे. हृदय चालणे, श्वास घेणे, शरीर ऊबदार राखणे यांसाठी शरीराला ऊर्जा आधी लागते. ती धान्यातील पिष्ट आणि तेल-तूप यांतून पुरेशी मिळाली नाही, तर शरीर प्रथिनेच जाळते. स्नायू आणि रक्त बांधण्याचे सामान असे चुलीत जाते. सरपण संपले म्हणून घराची तुळई फोडून जाळावी, तसे हे आहे. चुलीला सरपण मिळाले तरच तुळई शाबूत राहते. वाडग्यातील धान्य हे ते सरपण होय.

एका वाडग्याचा हिशेब

आता एक वाडगा मांडून पाहू. कोरड्या मापाने ज्वारीच्या कण्या ६० ग्रॅम, मटकी २० ग्रॅम, हाडे काढलेले कच्चे चिकन ६० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट १० ग्रॅम, तेल एक चहाचा चमचा, आणि भाजी-कोशिंबीर हवी तेवढी. ज्वारीत शेकडा सुमारे १० भाग प्रथिने असतात, म्हणजे येथे ६ ग्रॅम. चिकनमधून सुमारे १२, मटकीतून साडेचार आणि कुटातून अडीच ग्रॅम. बेरीज २५ ग्रॅम होते. ऊर्जेची बेरीज अशी : कण्या २००, मटकी ६५, चिकन ८०, कूट ५५, तेल ४५, एकूण सुमारे ४५० किलोकॅलरी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षे वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने आणि २८६० किलोकॅलरी लागतात. त्याच वयाच्या मुलीला ४३ ग्रॅम आणि २४०० किलोकॅलरी. या आकड्यांशी आपला वाडगा ताडून पाहा. मुलाची निम्म्याहून अधिक प्रथिने एका वाडग्यात आली, पण ऊर्जा मात्र जेमतेम सहावा हिस्सा! म्हणजे या वाडग्यात कशाची भर हवी असेल तर ती चिकनची नव्हे. शेजारी एक-दोन भाकरी हव्यात. चौदा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसांचे पाहून धान्य कमी करणे हे सरळ नुकसानीचे आहे.

चिकन एवढे थोडे असूनही त्याचा उपयोग त्याच्या वजनापेक्षा मोठा आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी लायसिन हे आपल्याला आहारातूनच मिळवावे लागते. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास असते, गरज मात्र साडेचार ग्रॅमच्या पुढे आहे. चिकनच्या व कडधान्यांच्या प्रथिनात ते भरपूर असते. ज्वारीची उणीव ते भरून काढतात. भाकरी-पिठले आणि भात-आमटी या जोड्या याच हिशेबावर उभ्या आहेत, जरी त्या लावणाऱ्यांनी लायसिनचे नाव ऐकले नव्हते.

दुसरा फायदा लोहाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. धान्यात आणि कडधान्यात लोह असते, पण त्यातील फायटेटमुळे ते आतड्यात नीट शोषले जात नाही. जोडीला थोडेसे मांस असले, तर धान्यातील लोहही अधिक शोषले जाते. मटकीला मोड आणल्याने फायटेट कमी होते आणि लिंबातील क जीवनसत्त्व शोषणाला मदत करते. लिंबू मात्र खातेवेळी पिळावे; शिजवताना घातले तर क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होतो.

जे मांस खात नाहीत त्यांनी मटकी दुप्पट-तिप्पट करावी, वर दही किंवा पनीर घ्यावे; अंडे चालत असेल तर उत्तमच. हिशेब जवळजवळ तेवढाच येतो.

उकळीतून वाचणारे

आता दुसरा प्रश्न. पातेल्यात रटरट उकळलेले अन्न निर्जंतुक झाले, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू असू शकतात. मांसाच्या मध्यापर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचले की ते मरतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांनाच उकळते, पण ७४ अंशांसाठी ते पुरेसे आहे. लहान तुकडे रश्शात वीस-पंचवीस मिनिटे नीट उकळले की हा भाग संपला.

काही जीवाणू मात्र प्रतिकूल काळात स्वतःभोवती कठीण कवच तयार करतात. त्यांना बीजाणू म्हणतात. बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि तेथून ते तांदूळ-ज्वारीवर येतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू मांसावर सापडतात. उघड्या पातेल्यातील उकळीने हे सगळे मरत नाहीत. उलट, उष्णतेने ते जागे होतात आणि अन्न कोमट झाले की वाढू लागतात. दुसऱ्या जीवाणूला तर ४३ ते ४५ अंश तापमान सर्वांत मानवते. म्हणजे गॅस बंद केल्यावर झाकून ठेवलेला रस्सा हे त्याच्यासाठी आयते घर आहे.

समजा, शिजवलेल्या भातात एका ग्रॅममध्ये १०० बीजाणू वाचले आणि पातेले रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ओट्यावर राहिले. दर अर्ध्या तासाला जीवाणूंची संख्या दुप्पट होते असे धरू. आठ तासांत सोळा वेळा दुप्पट, म्हणजे २ चा सोळावा घात, ६५,५३६ पट. एका ग्रॅममध्ये ६५ लाखांहून अधिक! संख्या लाखावर गेली की आजाराचा धोका सुरू होतो. प्रत्यक्षात आरंभी वाढ मंद असते, तेव्हा हा आकडा थोडा फुगीर आहे. पण लाखापर्यंत पोचायला पाच तासही पुरतात.

येथे कोणी म्हणेल, सकाळी पुन्हा खळखळून उकळू. वाढलेले जीवाणू त्याने मरतील हे खरे. पण बॅसिलस सीरियसच्या काही जाती अन्नात एक विष सोडतात, आणि ते १२१ अंशांना दीड तास तापवले तरी टिकते. घरच्या कोणत्याही चुलीवर ते नष्ट होणार नाही. वासावरून आणि चवीवरूनही ते कळत नाही. ‘आंबूस वास येत नाही ना, मग चांगले आहे’ ही कसोटी म्हणूनच फसवी आहे.

खोल पातेले आणि पसरट परात

तेव्हा सगळा खेळ ६० अंश आणि ५ अंश यांच्यामधल्या पट्ट्याचा आहे. अन्नाने या पट्ट्यातून झटकन खाली उतरले पाहिजे. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असेल, तर एका तासात.

ते लवकर निवावे कसे? येथे तुमचे भौतिकशास्त्र कामी येते. घट्ट भात किंवा कण्या यांतून उष्णता वहनाने बाहेर येते आणि तिला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर चौपट जाड असेल तर वेळ सोळापट. पातेल्यात १२ सेंटिमीटर खोल असलेल्या कण्या परातीत ३ सेंटिमीटर थराने पसरल्या, तर त्या कितीतरी लवकर निवतील. बाहेरची हवा उष्णता किती वेगाने नेते यावरही वेळ ठरतो, म्हणून नेमकी सोळापट बचत होणार नाही, पण तासांचे काम मिनिटांवर येते. परात थंड पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवली तर आणखी चांगले, कारण पाणी हवेपेक्षा पुष्कळ वेगाने उष्णता ओढून घेते. रस्सा पातळ असतो. तो अधूनमधून ढवळला की झाले.

वाफ गेली की लहान, उथळ डबे भरून फ्रिजमध्ये ठेवावेत. पूर्ण गार होण्याची वाट पाहत बसू नये; तसे करण्यातच रात्र निघून जाते. मात्र मोठे गरम पातेले तसेच आत ढकलले, तर ते स्वतः निवत नाही आणि शेजारचे दूधही तापवते.

फ्रिज ५ अंशांच्या खाली आहे का, हेही एकदा तपासावे. पेलाभर पाणी रात्रभर आत ठेवून सकाळी त्यात तापमापक बुडवून वाचन घ्यावे. एवढ्या थंडीतही वाढ पूर्ण थांबत नाही, फक्त फार मंदावते. म्हणून शिजवलेले चिकन तीन, फार तर चार दिवस ठेवावे. रविवारचे बुधवारपर्यंत. आठवड्याभराचे एकदम करायचे असेल, तर गुरुवारपासूनचे डबे रविवारीच फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना गेले पाहिजेत. घरच्या फ्रीझरमध्ये एवढी जागा बहुधा नसते; त्यापेक्षा बुधवारी रात्री दुसरा, लहान घाणा लावणे सोपे. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज किंवा पाणी बंद ठेवण्याची जुनी रीत आहे, तिच्याशीही हे वेळापत्रक जुळते. वीज गेल्यावर फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतले अन्न साधारण चार तास गार राहते.

रविवारचे काम

चार माणसांना सोमवार, मंगळवार व बुधवार मिळून बारा वाडगे लागतील. म्हणजे कण्या ७२० ग्रॅम, मटकी २४० ग्रॅम आणि हाडे काढून ७२० ग्रॅम चिकन. हाडांसह घेतल्यास सव्वा किलोच्या आसपास. मटकी शनिवारी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावी. कण्यांऐवजी अख्खी ज्वारी घ्यायची असेल तर तीही रात्रभर भिजली पाहिजे, नाहीतर कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, दाणा चिवटच राहतो.

चिकन छातीचे न घेता तंगडीचे घ्यावे. छातीचे मांस पुन्हा तापवले की कोरडे व दोरीसारखे होते. तंगडीत कोलॅजन हे प्रथिन अधिक असते. शिजताना त्याचे जिलेटिन होते आणि ते मांस मऊ राखते. फ्रिजमध्ये रस्सा थलथलीत गोठतो तो या जिलेटिनमुळेच. आले, लसूण, हळद, लवंग यांचे वाटण सढळ हाताने लावावे. शिळ्या चिकनला येणारा वास हा त्यातील स्निग्ध पदार्थ हवेतील ऑक्सिजनने बिघडल्यामुळे येतो आणि मसाल्यांतील द्रव्ये त्या क्रियेला आळा घालतात.

कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये. तुषार उडून जीवाणू ओट्यावर व शेजारच्या काकडीवर जातात. पिसे किंवा रक्त काढायचेच असेल, तर खोल भांड्यातील पाण्यात हलके हाताळावे आणि नंतर भांडे, मोरी व हात साबणाने धुवावेत. कोशिंबिरीची विळी वेगळी असावी. कोशिंबीर रोजच्या रोजच करावी.

थंड कण्या खडबडीत लागतील. शिजताना फुललेले पिष्टाचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना बिलगतात. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून वाफ आणली, की त्या बऱ्याच मऊ होतात. लागेल तेवढाच वाटा तापवावा, अगदी वाफाळेपर्यंत, आणि उरलेला पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये.

एक सूचना शाळेच्या डब्याबद्दल. फ्रिजमधून काढलेला वाडगा सकाळी सातला साध्या डब्यात भरला आणि दुपारी एकला खाल्ला, तर मधले सहा तास तो नेमका त्या धोक्याच्या पट्ट्यात असतो. उकळते पाणी दहा मिनिटे भरून तापवलेल्या थर्मासच्या डब्यात वाफाळता भरला तरच तो शाळेत न्यावा. तसा डबा नसेल तर शाळेत भाजी-पोळीच बरी. वाडगा संध्याकाळसाठी ठेवावा.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली पाव किलो तांदळाचा घट्ट भात करा. त्याचे दोन सारखे भाग करून एक उंच, अरुंद डब्यात दाबून भरा आणि दुसरा ताटात ३ सेंटिमीटर थराने पसरा. दोन्हींच्या मध्यभागी अल्कोहोलचा तापमापक खोचा आणि दर दहा मिनिटांनी दोन तास वाचने घ्या. आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर तापमान घेऊन दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. ६० अंशांपासून ४० अंशांपर्यंत उतरायला कोणत्या भांड्याला किती मिनिटे लागली, ते मोजा. जमल्यास तिसरा भाग घेऊन ताट थंड पाण्यात ठेवूनही पाहा. प्रयोगाचा भात कोणी खाऊ नये. तो खताच्या खड्ड्यात टाकावा.